दोन मिनिटं

बंगळुरूला मुलगी बाळंत झाली होती आणि बारसं चार दिवसांवर आलं होतं. मे महिना, नागपूरचा पारा ४५ च्या वर. सोनेगाव विमानतळावर बसमधून उतरून विमानाच्या शिडीपर्यंत जाईस्तोवर चपलेचे तळ भाजले. हिच्या हातात डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. वरच्या कप्प्यात ठेवला तर कोणाची तरी बॅग आदळून चुरा होईल म्हणून मांडीवरच धरून बसली. एअर होस्टेसने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे तो पुढच्या सीटखाली गेला.

माझी जागा डावीकडच्या खिडकीशी, पंखाच्या जरा मागे. तिथून इंजिनाचा निमुळता मागचा भाग नीट दिसतो. वेगळे पैसे भरून घेतली होती. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन मेन्टेनन्सला ३३ वर्षं काढली; निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी फिरणारं यंत्र दिसलं की मान आपसूक वळते. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे येईलच.

उडून सात-आठ मिनिटं झाली असतील. पट्ट्याचा दिवा अजून विझला नव्हता. आणि धाड् झालं. पाठोपाठ आणखी दोनदा. फटाका नव्हे, पुलाखालून जाताना ट्रकचं टायर फुटावं तसं. विमान डावीकडे हिसकलं. इंजिनाच्या मागून नारिंगी जीभ बाहेर आली नि आत गेली. पायाखालची फरशी थरथरायला लागली, सीटचे हात थरथरायला लागले, आणि एसीतून जळकट वास आला.

हा क्रम मी अहवाल वाचल्यानंतर लिहितोय. तेव्हा मी सांगितलेला क्रम वेगळा होता, आणि एवढं लिहायला बसलो ते त्यापायीच.

मागच्या ओळीत कोणीतरी 'गण गण गणात बोते' सुरू केलं, बघता बघता अर्धं विमान म्हणू लागलं. मी मोबाइल काढला. ही माझ्यावर डाफरली, "अहो, फोन काय काढून राहिले? देवाचं नाव घ्या!" तरी मी काढला. ४१ सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात पंख आहे, इंजिन आहे, आणि शेवटी हिचा हात येऊन सगळं झाकलं जातं.

थोड्या वेळाने थरथर कमी झाली. कॅप्टनचा आवाज आला: एक इंजिन बंद करावं लागलं आहे, दुसऱ्यावर विमान नीट चाललं आहे, आपण नागपूरला परत उतरतोय. दोन इंजिनांच्या विमानाला परवानाच मुळी एका इंजिनावर चढता-उतरता येतं हे सिद्ध केल्यावर मिळतो. मला हे ठाऊक होतं. तरी हिचा हात धरला तेव्हा कोणाचा तळवा ओला होता ते सांगता येईना.

उतरलो. धावपट्टीच्या कडेने अग्निशमनच्या गाड्या आमच्याबरोबर पळत होत्या. ब्रेक लागला तसा सीटखालचा डबा सुटला आणि खडखडत पुढे गेला, थेट चौथ्या ओळीपर्यंत. विमान थांबल्यावर तो हातोहात मागे आला. कोणीच काही बोललं नाही, फक्त डबा पुढून मागे सरकत आला. लाडू एकही फुटला नव्हता.

रात्री कंपनीने दुसरं विमान दिलं. ही म्हणाली, तुम्ही जा, मी रेल्वेने येते. मग दोघंही रेल्वेनेच गेलो आणि बारसं एक दिवस पुढे ढकललं.

निघण्याआधी काउंटरवरच्या मुलाला मी सांगून ठेवलं होतं की माझ्याकडे व्हिडिओ आहे आणि मी टर्बाइनवाला माणूस आहे. खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट सांगायची मला जास्त हौस होती. तिसऱ्या आठवड्यात दिल्लीहून फोन आला. विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी. विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएहून हे खातं वेगळं आहे, २०१२ साली वेगळं काढलं. नियम करणाऱ्यानेच आपल्या नियमांच्या अंमलाचा तपास करू नये, असा त्यामागचा साधा विचार. इंजिनाला लागलेली आग विझली तरी अशी घटना 'गंभीर घटने'त मोडू शकते, त्यामुळे आमची फाइल त्यांच्याकडे गेलेली.

मी नागपूरला परतलो त्याच सुमारास त्यांची माणसं दुसऱ्या खेपेला इथे आली होती. विमानतळाच्या इमारतीतल्या एका खोलीत बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, खिशात कागद: मुद्दे एक ते अकरा. पन्नाशीच्या आतल्या एक मॅडम होत्या आणि लॅपटॉप घेऊन एक तरुण. मी बसलो आणि म्हणालो, जबाब लिहून आणलाय. मॅडम हसल्या. "जबाब पुलिस लेती है. हम सिर्फ बात करेंगे." आणि कागद बघितलाच नाही. घडी घालून परत खिशात ठेवायला सांगितला.

आमच्याकडे चौकशी म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ड्युटी कोणाची होती? सगळी चौकशी मग त्या नावाभोवती फिरायची. मी त्या तयारीने गेलो होतो. मेन्टेनन्स कोणी केलं असेल, तपासणी कोणी टाळली असेल, यावर माझे मुद्दे सात ते अकरा होते. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, की हा तपास कोणाचा दोष ठरवायला नाही. सरकारी माणूस असं म्हणतो तेव्हा आपण मान डोलवतो आणि मनात हसतो. मीही हसलो.

मग त्या म्हणाल्या, "आप टर्बाइन के आदमी हैं, ये एक घंटे के लिए भूल जाइए. जो देखा, जो सुना, जो लगा, बस उतना." मध्ये एकदाही न अडवता त्यांनी मला बोलू दिलं. मी सांगितलं: आधी बारीक थरथर सुरू झाली, सीटच्या हातात जाणवत होती, वाढत गेली, दोन मिनिटं तरी चालली, मला तेव्हाच वाटलं की बेअरिंगचं काहीतरी आहे, मग धाड्. "दोन मिनिटं" मी तीनदा म्हणालो असेन. इतका ठाम होतो की हवेत बोटाने आलेख काढून दाखवला.

मग त्यांनी कोरा कागद दिला आणि मी कुठे बसलो होतो, काय दिसत होतं ते काढायला लावलं. माझं चित्र बघून त्या तरुणाने तोंड फिरवलं, बहुधा हसू लपवायला. आणि मग एक गमतीचं काम सांगितलं: आता उलटं सांगा. शिडी उतरण्यापासून सुरू करा आणि मागे मागे जा. शिडी, गाड्या, डबा, कॅप्टन, हिचा हात, मोबाइल, थरथर, धाड्... इथे मी थांबलो. मॅडमनी विचारलं, "उसके पहले?" मी म्हणालो, त्याच्या आधी एअर होस्टेस ट्रॉली काढत होती. त्यांनी लिहून घेतलं. उलट्या बाजूने येताना थरथर धाड्च्या आधी राहिलीच नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या आलं असणार. चेहऱ्यावर मात्र रेषसुद्धा हलली नाही.

व्हिडिओ सगळ्यात शेवटी मागितला. व्हॉट्सअॅपवर पाठवू का म्हटलं तर तो तरुण घाईघाईने नको म्हणाला. तिथून गेलेला व्हिडिओ दाबला जातो, आवाजाचा बारीक तपशील जातो. त्यांना मूळ फाइल हवी होती. मोबाइलला केबल लावून स्वतः उतरवून घेतली, माझ्या मोबाइलचं घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहून घेतलं. उठताना मॅडमनी एक प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारला: कॅप्टनने कोणत्या बाजूचं इंजिन बंद केलं ते सांगितलं होतं का? मी म्हटलं, नाही, एक इंजिन एवढंच. "और अगर वो दाहिना बोलते, तो आप किसी को बताते?"

मी हो म्हणालो. पण घरी येईपर्यंत त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही.

शेजारच्यांचा पोरगा मिहानमध्ये विमानदुरुस्तीच्या एका हँगरला तंत्रज्ञ आहे. त्याला विचारलं तेव्हा त्याने मला केगवर्थच्या विमान अपघाताचं वाचायला दिलं. ८ जानेवारी १९८९, इंग्लंड, बोइंग ७३७-४००. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं, आणि वैमानिकांनी बंद केलं उजवं. कॅप्टनने तसं जाहीरही केलं. मागे बसलेल्या कित्येकांनी डावीकडून ज्वाळा पाहिल्या होत्या, कर्मचाऱ्यांपैकीही तिघांनी आगीच्या खुणा पाहिल्या होत्या. पुढे जाऊन कोणी सांगितलं नाही. कॅप्टन म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल. १२६ माणसांतली ४७ गेली. वैमानिक काही नवशिके नव्हते. जुन्या ७३७ मध्ये प्रवाशांकडच्या एसीची हवा प्रामुख्याने उजव्या इंजिनावरून येते हे त्यांना ठाऊक होतं. धूर दिसला, म्हणून उजवं. नव्या विमानात ती मांडणी बदलली होती. वर योगायोग असा, की उजव्याचा जोर कमी केला तशी डाव्याची धडधडही ओसरली, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. आज आगीचं बटण दाबण्याआधी एकाने हात ठेवायचा आणि दुसऱ्याने बघून हो म्हणायचं अशी शिस्त आहे. जो जाणकार, त्याची जाणच त्याला चुकीच्या इंजिनाकडे घेऊन गेली, हे वाचताना मला वैमानिकांची कीव आली. स्वतःचा विचार तेव्हा मनातही आला नाही.

पोरगा चांगला शिक्षक आहे. आमचं टर्बाइन काँक्रीटच्या पायावर बसलेलं, मिनिटाला ३००० फेरे, वाफ ५३५ अंशांची. त्याचं मला फार कौतुक. याने सांगितलं, की काका, विमानाच्या इंजिनाचा आतला गाभा मिनिटाला दहा-पंधरा हजारांच्या पुढे फिरतो, आणि टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू त्या पात्यांचा धातू वितळेल त्याहून गरम असतो. पात्यांना बारीक भोकं पाडून आतून हवा खेळवतात म्हणून ती टिकतात. पंख्याचं पातं मुद्दाम तोडून त्याचा तुकडा कवच फाडून बाहेर येत नाही ना, हे परवान्याआधी बघतात. आम्ही बोअरस्कोप वापरायचो, हेही वापरतात: बारीक नळी, टोकाला कॅमेरा, इंजिन न उघडता आतलं एकेक पातं बघायचं. मी उन्हावर संशय घेतला होता, पारा ४५ म्हणजे इंजिनावर ताण. तो म्हणाला, ताण येतो, जोर कमी मिळतो, पण ते सगळं हिशेबात धरलेलं असतं. थोडक्यात, माझा एक सिद्धांत तिथेच निकालात निघाला. बेअरिंगचा मात्र मी राखून ठेवला होता.

प्राथमिक अहवाल महिन्याभरात देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघाताचा १२ जुलैला आला होता. अंतिम अहवाल शक्यतो वर्षात यावा असं म्हणतात. आमचा पंधराव्या महिन्यात आला. पोरगा रात्री दहाला मोबाइल घेऊन धावत आला, "काका, तुमचं विमान आलं!" हिने दचकून खिडकीबाहेर पाहिलं.

सुरुवातीलाच तेच वाक्य छापलेलं: तपासाचा एकमेव उद्देश अपघात आणि घटना टाळणे हा असून दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही. आत इजांचा तक्ता, मृत्यू शून्य, गंभीर शून्य, आणि तरी तो तक्ता रकाने आखून छापलेला. वैमानिकांची नावं नाहीत. तंत्रज्ञांची नाहीत. 'ड्युटी कोणाची' हे मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं, सवयच ती. सापडलं ते असं: हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या एका पात्याच्या पुढच्या कडेला, तांदळाच्या दाण्याहून लहान खाच. कधीतरी खडा-बिडा आत खेचला गेला असणार. त्या खाचेतून धातूच्या थकव्याची भेग सुरू झाली आणि थोडी थोडी वाढत गेली. तुटलेल्या तोंडाचा फोटो होता. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वळ्या त्यावर. त्या वळ्या मी आयुष्यभर पाहिलेल्या आहेत, आमच्या पात्यांवरही अशाच असायच्या. दोन बोअरस्कोप तपासण्यांमधलं अंतर त्या भेगेला वाढायला लागलेल्या वेळापेक्षा जास्त होतं. शिफारस ते अंतर कमी करण्याची.

मग फ्लाइट रेकॉर्डरचे आलेख. ज्याला ब्लॅक बॉक्स म्हणतात तो नारिंगी असतो आणि विमानाचे शेवटचे २५ तास त्यात असतात. डाव्या इंजिनाच्या कंपनाची रेघ मी बोटांनी मोठी करून पाहिली. सपाट. उड्डाणापासून धाड्पर्यंत सपाट, उजव्याच्या रेघेला समांतर. मग एका सेकंदात उभी भिंत. दोन मिनिटं सोडा, दोन सेकंदही आधी काही नव्हतं. खाली एका ओळीत माझा उल्लेख: डाव्या पंखामागे बसलेल्या एका प्रवाशाने व्हिडिओ दिला, चित्रण पहिल्या आवाजानंतर १९ सेकंदांनी सुरू होते. मी तर 'लगेच' मोबाइल काढला होता. माझ्या दोन मिनिटांबद्दल अहवालात एक शब्द नव्हता. खोटं ठरवलं नाही, खरं ठरवलं नाही. फक्त घेतलं नाही.

पोरगा म्हणाला, "होतं काका असं, सगळ्यांचंच होतं." तो गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. बेअरिंग जाताना आधी थरथर वाढते, मग आवाज, मग धूर. ३३ वर्षं मी हा क्रम पाहिला होता. विमानात जे झालं ते माझ्या डोक्याने त्या क्रमात बसवून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो. सीटच्या हातातली ती वाढती थरथर मला आजही आठवते, रेघ पाहिल्यावरसुद्धा.

आणि मग १९९४ आठवलं.

जुलैची रात्रपाळी. २१० मेगावॉटचा संच, बेअरिंग गेलं, आतला पांढरा धातू वितळला. संच कित्येक दिवस बंद. चौकशी समिती बसली, तिघांची. कंपनाचा कागदी रेकॉर्डर होता, पण पेनची शाई सुकलेली. कागद कोरा फिरत राहिला होता. मग राहिले साक्षीदार. मी तेव्हा टर्बाइन फ्लोअरवर होतो. मला विचारलं, थरथर किती वेळ होती? मी सांगितलं, दोन मिनिटं तरी असेल. म्हणजे नियंत्रण कक्षात बसलेल्या ऑपरेटरला संच हाताने ट्रिप, म्हणजे बंद, करायला दोन मिनिटं मिळाली होती आणि त्याने केला नाही. त्याच्या दोन वेतनवाढी थांबल्या, आणि त्याची बदली कोळसा हाताळणीला झाली. टर्बाइनवर तो परत आलाच नाही. शाई कोणी भरली नाही हा प्रश्न समितीला पडला नाही. मलाही पडला नाही.

तेव्हाही दोन मिनिटंच. शब्दसुद्धा तेच.

कामठी रोडला, इंदोऱ्याच्या पुढे तो राहतो एवढं माहीत होतं. आठवडाभर आज जाऊ, उद्या जाऊ केलं. रविवारी सकाळी गेलो. तो अंगणात कूलरची खस बदलत होता, हात ओले. ओळखायला थोडा वेळ लागला त्याला. मग म्हणाला, "अबे तू? ये ना, बस." खोकला आहे त्याला, कोळशाचा. म्हणजे मला तसं वाटलं, विडीचाही असेल.

मी विमानापासून सुरुवात केली. डबा, आलेख, सपाट रेघ, सगळं. तो खस बसवता बसवता ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, भाऊ, ९४ ला मी जे दोन मिनिटं म्हणालो होतो ना, ते मला आता खात्रीने सांगता येत नाही. कदाचित नव्हतीच.

तो काही वेळ बोलला नाही. ओल्या हाताने खशीची काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "तू दोन मिनिटं म्हणाला, म्हणून मीपण मानलं. मला तर धाड् झाल्याचंच आठवत होतं. म्हटलं, डुलकी लागली असंल आपल्याला. बायकोलाही तसंच सांगितलं. डुलकी लागली म्हणून."

आतून तिने विचारलं, कोण आलंय. "जुना दोस्त," तो म्हणाला, "चहा ठेव." कूलर सुरू करून पाहिला, पाणी नीट पडतंय की नाही ते बघितलं, एक बाजू कोरडी राहत होती तिथे पाइप सरकवला. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आता विमानातलं सांग," म्हणाला. "खरंच ज्वाळा दिसली तुला?"

"व्हिडिओत नाही," मी म्हटलं. "तो नंतरचा आहे."


"मंग?"

"दिसली असं वाटतं."

तो हसला, खोकला, आणि पुन्हा हसला.